सोयाबीनची सुडी जळली, कलमवाढ होऊन ३२६(जी) लागलंय. पुढे काय?

पैनगंगाकाठचा
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी पुण्यात नोकरीला, गाव वाशिम जिल्ह्यात. मोठा चुलतभाऊ (आम्ही दादा म्हणतो) गावी शेती बघतो. आमच्या आणि शेजारच्या वावरामधल्या धुऱ्यावरून (बांधावरून) वाद आहे, आजोबांच्या वेळचा. मोजणी दोनदा झाली. पहिली शेजाऱ्याला मान्य नाही, दुसरी आम्हाला. दिवाळीनंतर चौथ्या रात्री शेजाऱ्याची सोयाबीनची सुडी (कापून रचलेला ढीग) पेटली. चार एकरांचा माल, मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं. तीस क्विंटल धरा. २०२४-२५चा हमीभाव ४८९२, म्हणजे दीड लाखाला थोडे कमी गेले त्याचे. पेटवताना बघणारं कोणी नाही. फिर्यादीत दादाचं नाव संशयित म्हणून.

आधी भारतीय न्याय संहितेचं ३२६(एफ) लावलं. दादाला ठाण्याची नोटीस आली, तो गेला, जबाब दिला, संध्याकाळी घरी आला. सहाव्या दिवशी कळलं की फिर्यादीने पुरवणी जबाब दिलाय. त्यात वावरातलं पत्र्याचं शेड, आतले तुषार सिंचनाचे पाइप, फवारणी पंप आणि खताची पोती जळाल्याचं आलंय, आणि ३२६(जी) वाढवलंय. ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाने दादाला फोन केला, "आता उचलतील, बघून घ्या."

एका अक्षराने एवढा काय फरक पडतो? अटक टळते का? घरी दादाच्या म्हाताऱ्या आईने जेवण सोडलंय. कृपया माहितगारांनी लिहावं.

काळा_कोट
जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून घाई करा. आधी फरक सांगतो.

जुन्या दंड संहितेतलं ४३५ म्हणजे आताचं ३२६(एफ) आणि ४३६ म्हणजे ३२६(जी). १ जुलै २०२४नंतरच्या घटनेला नवीन कलमं. दोन्हींचा पाया एकच, ज्याला कायद्याच्या मराठीत "आगळीक" म्हणतात: दुसऱ्याचं गैरवाजवी नुकसान करण्याचा इरादा, किंवा नुकसान होण्याचा संभव आहे याची जाणीव ठेवून केलेली नासधूस. एफमध्ये आगीने कुठल्याही मालमत्तेचं नुकसान येतं, शेतमाल धरून. शिक्षा ७ वर्षांपर्यंत आणि दंड. दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. (गंमत अशी की हे कोर्ट स्वतः ३ वर्षांच्या वर कैद देऊ शकत नाही. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं.)

जीमध्ये इमारत लागते. पूजेची, माणसाच्या राहण्याची, नाहीतर मालमत्ता ठेवण्याची. ती आगीने नष्ट करण्याचा इरादा किंवा तसं होईल याची जाणीव. शिक्षा थेट जन्मठेप, किंवा १० वर्षांपर्यंत, आणि दंड. अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. दोषारोपपत्र यायला पोलिसांना ९० दिवस, तोवर माणूस आत राहू शकतो.

उघड्या वावरातली सुडी ही काही इमारत नव्हे. पत्र्याचं शेड मात्र "मालमत्ता ठेवण्याची इमारत" म्हणून मांडता येतं. पुरवणी जबाबात शेड का आलं, ते आता कळलं असेल.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२खाली सत्र न्यायालयात उद्याच्या उद्या टाका. दादा नोटिशीला हजर राहिला ही जमेची बाजू. आणि गावातून पळून वगैरे जाऊ नका. पळालेला माणूस न्यायाधीशाला आवडत नाही.

तळटीप_बहाद्दर
जुन्या ४३५मध्ये रकमेची अट होती ना? १०० रुपयांचं नुकसान, आणि शेतमाल असेल तर फक्त १० रुपये. एकोणिसाव्या शतकातले दहा रुपये! नवीन संहितेत आकडाच काढून टाकलाय.

काळा_कोट
बरोबर. त्यामुळे "नुकसान किरकोळ आहे" हा बचाव कलमापुरता संपला. शिक्षा ठरवताना उपयोगी पडेल.

निवृत्त_हवालदार
तीस वर्षं खात्यात काढली, त्यातली अकरा ग्रामीण ठाण्यांत. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

प्रत्येक कलमवाढ म्हणजे लबाडी नव्हे. रात्री बाराला माणूस ठाण्यात येतो, अंगावर राख, डोळ्यांत धूर, सुडीशिवाय त्याला काही आठवत नाही. चार दिवसांनी शेडमध्ये गेल्यावर दिसतं की पाइप वितळलेत. असं खरंच होतं. पण उलटंही होतं. एफवर आरोपी संध्याकाळी घरी येऊन पारावर बसलेला दिसला की फिर्यादीकडचे शहाणे लोक विचारायला लागतात, "याला आत टाकायला काय लागतं?" आणि कोणीतरी सांगतं.

तुम्ही एकच कागद शोधा. घटनास्थळ पंचनामा. कधी केला, पंच कोण, चतुःसीमा काय लिहिली, शेडचा उल्लेख आहे का. तो सहसा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो, फिर्यादीचं डोकं थंड व्हायच्या आत. त्यात शेड जळालेलं असेल तर पुरवणी जबाबाला टेकू मिळाला. नसेल तर तपासी अंमलदाराला उलटतपासात घाम फुटतो. पंच फितूर झाला तरी कागद राहतोच.

श्वानपथक आलं होतं का?

पैनगंगाकाठचा
आलं होतं काका. कुत्रं आमच्या घराच्या गल्लीपर्यंत गेलं म्हणे. तेच सगळा गाव धरून बसलाय.

निवृत्त_हवालदार
गल्लीत कुत्रं जाणारच, रस्ता तोच असेल गावात यायचा. आग विझवायला निम्मं गाव धावलं, दीडशे माणसांचे वास त्या वावरात. कुत्र्याच्या मागावर कोर्ट शिक्षा देत नाही. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेला. कुत्रं तपासाला दिशा देतं, एवढंच. मोबाइलच्या टॉवरचंही तसंच. गावाला एक टॉवर, घर आणि वावर त्याच्याच पट्ट्यात. दादा त्या रात्री "टॉवरच्या हद्दीत" होता याने काही सिद्ध होत नाही. सगळं गावच होतं.

वऱ्हाडी_ठेचा
वाचून राह्यलो केव्हाचा. सगळे आरोपीले कसं सोडवाचं तेच सांगून राह्यले. ज्याची सुडी जयली त्याचं कोनी बोला ना राजेहो.

२०१९ साली मायी सुडी जयली. अडीच एकराची. आमच्याकडं सोयाबीन म्हनजे पोरीचं लग्न, दुकानदाराची उधारी, पुढच्या वर्साचं बियानं, सगळं त्या एका ढिगात रायते. रात्री दोन वाजता भावानं आवाज देल्ला. जाईपर्यंत लाल गोया झाला होता. पानी कुठून आनाचं? डोयानं पाहत उभा राह्यलो. कोनं लावली ते मले मालूम हाय, साऱ्या गावाले मालूम हाय. साक्षीदार एकही भेटला नाई. केस चालली, पंच फिरले, तो सुटला. आता रोज हाटेलात चा प्याले माया समोर बसते.

तुमचा दादा निर्दोष असंन तर सुटो बापा. पन शेजाऱ्याचं दीड लाख कोन देते ते बी लिहा.

पैनगंगाकाठचा
भाऊ, तुमचं पटतं. त्या माणसाचंही वर्ष गेलंय. मला फक्त न केलेल्या गोष्टीसाठी दादा आत जायला नको आहे.

सर्व्हेअर_काका
पैसे कोण देतं याचं उत्तर कडू आहे. पीक विम्यातून बहुधा मिळणार नाही. काढणीनंतरचं नुकसान २०२४च्या हंगामात योजनेत १४ दिवसांपर्यंत येत होतं, पण ते शेतात कापून पसरवून ठेवलेल्या पिकाचं, आणि तेही गारपीट, चक्रीवादळ, अवेळी पाऊस अशा कारणांनी झालेलं. रचलेली सुडी कोणीतरी मुद्दाम पेटवली तर ते "दुष्ट हेतूने केलेलं नुकसान" या अपवादात जातं. म्हणजे शेतकरी जितक्या जोरात ओरडून सांगणार की हे मुद्दाम केलंय, तितका विम्याचा दरवाजा घट्ट बंद होणार. वायरच्या ठिणगीने लागली असती तर निदान वीज कंपनीकडे भरपाई मागता आली असती, विद्युत निरीक्षकाचा अहवाल घेऊन.

म्हणून मी नेहमी विचारतो, वावरावरून तार जाते का? उसाचे फड तर किती जळतात लोंबत्या तारांनी.

विमा सर्व्हेअर म्हणून माझा जन्म दुकानं-गोदामांच्या आगीत गेला, तिथे उलटा प्रकार. मालकच पेटवतो. आणि बऱ्याच जणांना वाटतं की स्वतःचं जाळलं तर गुन्हा कसला? गुन्हाच आहे. आगळीक स्वतःच्या मालमत्तेवरही होते, नुकसान दुसऱ्याचं होत असेल तर. विमा उतरवलेलं जहाज विमा कंपनीच्या नुकसानीसाठी मुद्दाम बुडवणाऱ्याचं उदाहरण कायद्यातच दिलंय. मी आगीच्या जागेवर जायच्या आधी बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट मागवायचो. कागदावर ४० लाखांचा कपडा आणि राख दोन टोपल्या. कापडाच्या गठ्ठ्याचं मधलं कापड सहजासहजी जळत नाही हो, कडा जळतात.

प्रयोगशाळेतली_मावशी
राखेचा विषय निघालाच आहे तर. पेट्रोल-डिझेल टाकून लावली असं म्हणणं असेल तर नमुने कसे घेतले ते बघा. जळक्या मातीचा नमुना हवाबंद काचेच्या बरणीत किंवा धातूच्या डब्यात यायला हवा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत दिला की वाफ उडून जाते, शेजारच्या पुड्याचा वास याच्यात आणि याचा त्याच्यात. शिवाय जिथे आग पोचली नाही तिथल्या मातीचाही नमुना हवा, तुलनेला. शेतात डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, सगळीकडे तेल सांडलेलंच असतं. आरोपीच्या पँटवर पेट्रोल सापडलं म्हणून नाचू नये, मोटरसायकलवाल्या प्रत्येकाच्या पँटवर सापडेल.

७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं, चित्रीकरण करायचं, असं नवीन कायद्यात आहे. अंमलबजावणीला राज्यांना ५ वर्षांची मुदत दिलीय, त्यामुळे तुमच्याकडे कोणी गेलं होतं का ते विचारा. एफलाही ७ वर्षं आहेतच, तेही यात बसतं.

अजून एक शक्यता, क्वचितची. ओला माल दाबून रचला की आतून तापतो. चाऱ्याच्या गंज्या अशा पेटल्याची उदाहरणं आहेत. पण त्याला दिवस लागतात, आधी कुबट वास येतो, वाफ दिसते. आणि आग आतून बाहेर येते, बाहेरून आत नाही.

सिंहगडरोडकर
आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी अकरा दुचाक्या जाळल्या. पोरं सीसीटीव्हीत दिसली, पकडली, तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टपरीवर. आम्हाला वाटलं पोलीस मॅनेज झाले. आज या धाग्यावर कळलं की ४३५ जामीनपात्रच आहे! हे म्हणजे अजबच.

काळा_कोट
गाडी ही इमारत नाही, म्हणून ४३५. पण गाड्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये होत्या का? वर माणसं झोपलेली असताना खाली पेट्रोलच्या टाक्या पेटवणाऱ्याला इमारत पेटेल याची जाणीव होती, असा युक्तिवाद ४३६साठी करता येतो. उघड्या रस्त्यावर असत्या तर अवघड. आणि वर कोणाचा जीव गेला असता तर विषय खुनापर्यंत जातो, मग आगीची कलमं नुसती सोबतीला.

तळटीप_बहाद्दर
आणि एसटी जाळली तर?

काळा_कोट
सार्वजनिक मालमत्तेला १९८४चा वेगळा कायदा आहे. आगीने नुकसान केलं तर किमान १ वर्ष सक्तमजुरी, कमाल १०. खास कारण नोंदवल्याशिवाय १ वर्षाच्या खाली येता येत नाही. जामिनावर सरकारी पक्षाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

रोखठोक_बाळू
मग ऑक्टोबर २०२३ला बीड-माजलगावात आमदारांची घरं पेटवली तेव्हा काय झालं? तिथे कलमं कुठे गेली? ज्यांनी

संपादक_मंडळ
बाळू, प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. आंदोलनाच्या बऱ्या-वाईटावर दुसरे तीन धागे चालू आहेत. इथे फक्त कायद्याचं बोलू.

काळा_कोट
कायद्यापुरतं बोलतो. जमावाच्या जाळपोळीत बेकायदेशीर जमावाचं कलम लागतं, म्हणजे काडी एकाने ओढली तरी समान उद्देश असलेला प्रत्येक जण जबाबदार. त्यामुळे बघ्यांनाही ओढलं जातं. मसाल्टी खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा १९६४चा निकाल यासाठी वाचतात. मोठ्या जमावाच्या खटल्यात एकाच साक्षीदाराच्या भरवशावर न राहता दोन-तीन साक्षीदारांनी त्या माणसाचं सुसंगत नाव घेतलंय का ते बघावं, असं त्यात आहे.

मूळ धाग्याला जास्त उपयोगी मात्र दिल्लीचं प्रकरण आहे. २०२०च्या दंगलीतल्या एका खटल्यात सप्टेंबर २०२१मध्ये सत्र न्यायालयाने दहा आरोपींवरचं ४३६ काढून टाकलं. कारण मूळ तक्रारींमध्ये आग लावल्याचा शब्दच नव्हता, तो नंतरच्या पुरवणी जबाबांतून आणला होता. ते जिल्हा पातळीवरचं कोर्ट आहे, आपल्या न्यायाधीशांवर बंधनकारक नाही. पण युक्तिवाद हुबेहूब तुमचाच आहे.

बे_एरियातून
अवांतर आहे, चालत असेल तर वाचा. इकडे कॅलिफोर्नियात जाळपोळीचं कलम ४५१. माणसं राहत असलेली इमारत जाळली तर ३, ५ किंवा ८ वर्षं. इमारत नाहीतर रान असेल तर २, ४ किंवा ६. नुसती मालमत्ता असेल तर त्याहून कमी. म्हणजे काय जळलं यावर शिक्षा, हे इथेही तसंच. पण निष्काळजीपणे लागलेल्या आगीचं कलम वेगळं, ४५२. वणव्यांच्या राज्यात तेच जास्त वेळा वाचायला मिळतं.

पैनगंगाकाठचा
अपडेट. अर्ज टाकलाय, परवा सुनावणी. तोवर तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली. आमच्याकडचे सगळे म्हणत होते, "शेड नव्हतंच, जबाबात उभं केलं." वकिलांनी शेजाऱ्याच्या ई-पीक पाहणीचा फोटो कुठूनसा बघितला. सोयाबीनच्या मागे शेड स्वच्छ दिसतंय. तेव्हा तो मुद्दा बाद. वकील म्हणाले, बरं झालं कोर्टात बोललो नाही.

दुसरी. तलाठ्याचा पंचनामा मिळाला. आगीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचा. "सोयाबीन अंदाजे ३० क्विंटल जळून खाक. लगतच्या पत्रा शेडची एक बाजू काळवंडली, शेड शाबूत." खाली शेजाऱ्याची सही.

तिसरी. गावातल्या पोरांच्या ग्रुपवर त्या रात्रीचा व्हिडिओ आहे. सुडी धडधडतेय आणि मागे शेड उभं आहे.

काळा_कोट
दुसरा कागद सोन्याचा आहे. फिर्यादीची सही असलेला, घटनेनंतर काही तासांतला, आणि पोलिसांचा नव्हे तर महसूलचा. प्रमाणित प्रत घ्या.

व्हिडिओचं सांभाळून. पुढे ढकललेला व्हिडिओ कोर्टात चालवणं जड जातं. ज्याने काढला तो मुलगा शोधा, त्याचा मूळ फोन, आणि साक्ष अधिनियमाच्या ६३ खालचं प्रमाणपत्र. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या भांडणात, २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सांगितलं. मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी. पण गावातलं पोरगं स्वतःचा फोन कोर्टात महिनोन्‌महिने ठेवायला देईल का?

पैनगंगाकाठचा
नाही देणार, त्यात त्याचं सगळं जग आहे. प्रमाणपत्राचंच बघतो.

आता मनातलं एक सांगतो. काल रात्री दादाशी खूप वेळ बोललो. तो म्हणाला, [हा भाग काढला आहे. – संपादक मंडळ]

सिंहगडरोडकर
> त्या दिवशी चार वाजता दादानेच धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवलं होतं, दरवर्षी पेटवतो तसं, विझवून घरी आला

बापरे. म्हणजे रात्री वाऱ्याने...?

काळा_कोट
थांबा! धागाकर्ते, हा प्रतिसाद ताबडतोब काढा. संपादक, कृपया हे बघा.

संपादक_मंडळ
काढला आहे.

तळटीप_बहाद्दर
वर सिंहगडरोडकरांनी कोट केलंय की. ते तसंच आहे.

काळा_कोट
आता राहू दे, लपवालपवीही नको. पैनगंगाकाठचे, तुम्ही इथे लिहिलेलं दादाची कबुली ठरत नाही, ती ऐकीव गोष्ट आहे. पण उद्या तपासी अंमलदार तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावू शकतो, "दादा तुम्हाला काय म्हणाला?" विचारायला. भावाविरुद्ध भावाला उभं करायची हौस कोणालाच नसते, पण होतं. दादाने हे शब्द फक्त स्वतःच्या वकिलाला सांगावेत, आणि सगळे सांगावेत. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने झाकलेलं असतं. व्यासपीठावरचं नाही.

प्रयोगशाळेतली_मावशी
वकीलसाहेब, कोणाचंही नाव न घेता विचारते. एखाद्याने धुरा पेटवला, विझला समजून गेला, आणि निखारा राहिला, तर तेही ३२६च?

काळा_कोट
कोणाचंही नाव न घेता सांगतो. आगळीकीला इरादा लागतो, किंवा जाणीव लागते. नुसत्या हलगर्जीला ती पुरत नाही. आगीबाबत हयगय केली तर कलम २८७, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कमला मिलची आग आठवा, डिसेंबर २०१७, १४ माणसं गेली. तरी तो जाळपोळीचा खटला नव्हता, सदोष मनुष्यवधाचा होता, कारण आग "लावली" असं कोणाचं म्हणणंच नव्हतं.

पण रेषा बारीक आहे. सरकारी वकील म्हणेल, भर वाऱ्याच्या दिवशी, वाळलेल्या सुडीपासून वीस पावलांवर गवत पेटवणाऱ्या शेतकऱ्याला काय होईल हे कळत नव्हतं? ही जाणीव नाही तर काय? त्याला उत्तर अंतराचं, वाऱ्याच्या दिशेचं, पाणी मारलं होतं का याचं द्यावं लागतं. चार वाजताची आग रात्री अकराला कशी भडकली, हेही पटवून द्यावं लागतं. आणि हा बचाव घ्यायचा म्हणजे "मी तिथे नव्हतोच" हा बचाव सोडायचा. दोन्ही एकदम घेणारे अशील मी पाहिलेत, दोन्हींतून जातात.

निवृत्त_हवालदार
परिस्थितिजन्य पुराव्यावर चाललेल्या खटल्यात साखळी पूर्ण लागते. शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४, त्यातली पाच सूत्रं. आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारी दुसरी शक्यता शिल्लक राहता कामा नये. धुऱ्याचं भांडण हा हेतू झाला. पण ज्यांचं भांडण असतं त्यांचंच नाव संशयात येतं, आणि ज्यांना ते भांडण माहीत असतं तेही त्याचा फायदा घेतात. मी एक केस बघितलीय, फिर्यादीच्या सख्ख्या पुतण्यानेच लावली होती.

वऱ्हाडी_ठेचा
म्या काल जास्तच बोललो असंन तर माफी. पन एक सांगतो. माया वाला जर येऊन म्हनला असता का भाऊ, चुकून झालं, धुऱ्यावरचं गवत होतं, तर म्या केस केली नसती. शिव्या देल्ल्या असत्या, अर्धे पैसे घेतले असते, संपलं असतं.

तळटीप_बहाद्दर
आता तसं मिटवता येईल का? दोन्ही पक्षांनी कोर्टात जाऊन?

काळा_कोट
एफही नाही आणि जीही नाही, दोन्ही आपसात मिटवण्याजोगी नाहीत. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. खासगी स्वरूपाचा वाद, नुकसान भरून दिलेलं, फिर्यादीची संमती, असं असेल तर ग्यानसिंग खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१२च्या निकालाच्या आधारे विचार होतो. जन्मठेपेचं कलम लागलेलं असताना मन वळवणं कठीण. म्हणून आधी जी काढून टाकायचं. ते निघालं तर परिवीक्षेचाही (प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका) रस्ता उघडतो. १९५८च्या कायद्यात जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना परिवीक्षा नाही, एफला आहे.

आणि पैसे द्यायचे असतील तर वकिलामार्फतच. गावात मध्यस्थाच्या हाती दिलेले पैसे उद्या "साक्षीदार फोडायला दिले" म्हणून पुढे येतील.

पैनगंगाकाठचा
मंडळी, आज अंतरिम संरक्षण मिळालं. कोर्टाने तलाठ्याचा पंचनामा वाचून सरकारी वकिलांना विचारलं, "शेड शाबूत आहे ना?" त्यांनी तपासाच्या कागदांसाठी वेळ मागितला. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. दादाने दर रविवारी ठाण्यात हजेरी द्यायची, १५ हजारांचा जातमुचलका. आईने आज भाकरी खाल्ली.

अडचण एकच उरली. फिर्यादीच्या शेताच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही अशी अट आहे. आमच्या वावरात जायची वाट त्या धुऱ्यावरूनच जाते, दुसरी नाही. तूर शेंगांवर आलीय, फवारणी राहिलीय.

काळा_कोट
हे अर्जात लिहिलं होतं का?

पैनगंगाकाठचा
नाही. सुचलंच नाही.

काळा_कोट
मग अट शिथिल करायचा अर्ज द्या. वाट कुठून जाते ते दाखवायला मोजणीचा नकाशा जोडा.

पैनगंगाकाठचा
कुठला जोडू? पहिल्या मोजणीचा की दुसऱ्या?